अंथरुणातच धुणारं यंत्र

‘रुग्णसेवेतले रोबो’ असा विषय संपादकांनी दिला, तेव्हा हातपाय असलेलं काहीतरी पाहायला मिळेल असं वाटलं होतं. निघाली मांड्यांमध्ये बसवायची मऊ वाटी, तिला जोडलेली जाड नळी आणि पलंगाशेजारची पेटी. जपान आणि दक्षिण कोरियात ही यंत्रं बनतात. जपानने 2012 साली त्यांना शुश्रूषा विम्यातल्या भाड्याच्या साधनांत घेतलं. इतिहास एवढा पुरे.

मी अडकलो त्या वाटीपाशी. तिच्यातले सेन्सर लघवी किंवा शौच झाल्याचं ओळखतात, पंप सगळं टाकीत ओढून नेतो, मग कोमट पाण्याचे फवारे आणि शेवटी गरम हवा. हाक मारावी लागत नाही, कुणासमोर संकोचावं लागत नाही.

लगेच धुण्याची ही घाई कशासाठी, ते त्वचेला विचारावं. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण 4 ते 6. डायपरमध्ये लघवी साचली की जिवाणू युरियाचा अमोनिया करतात आणि सामू चढतो. मग शौचातली पाचक विकरं चेततात आणि चक्क कातडी पचवू लागतात. अतिदक्षता विभागात अँटिबायोटिक्समुळे, कधी नळीतून दिलेल्या अन्नामुळे जुलाब होतात, आणि गुंगीतला रुग्ण ‘ओलं झालंय’ म्हणू शकत नाही. मावशी येईपर्यंत त्वचा भिजत राहते, वर पुसताना घासली जाते. यंत्र वाचवतं ती ही मधली वेळ, आणि ती मोलाची आहे.

पण वाटी सैल बसली तर गळते. घट्ट बसवली तर कडा रुतते. रक्तदाब टिकवणारी औषधं चालू असलेल्याच्या त्वचेला आधीच रक्त कमी मिळतं, तिला तेवढा दाबही जखमेला पुरतो. चिकट शौच अडकतं. कुशीवर वळवताना वाटी सरकते. नीट वाळलं नाही तर त्या बंदिस्त ओलीत बुरशी धरते. नळ्या-टाकीची सफाई हे वेगळंच काम. त्यात जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती नजरेची. डायपर बदलताना सिस्टरची नजर आपोआप माकडहाडाकडे जाते आणि लाली वेळेत सापडते. यंत्र रात्रभर बिनबोभाट धूत राहिलं, तर तिथे पाहणार कोण? म्हणून हे यंत्र घेणाऱ्या रुग्णालयांनी त्याच्या भरवशावर सिस्टरची जागा कमी करू नये, आणि दर पाळीला वाटी काढून त्वचा पाहिल्याचा रकाना तक्त्यात आधी छापून घ्यावा.