अंबाबाई आणि लक्ष्मी: नाव एक, रूपे दोन

कोल्हापूरच्या अंबाबाईला महालक्ष्मी म्हणतात, म्हणून ती विष्णुपत्नी लक्ष्मीच, असा समज सर्रास आढळतो. पण एकाच वर्गात दोन सुनीता असतात. हजेरीत नाव सारखे, घराणे वेगळे. मूर्तीच पाहा ना! चार हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), गदा, खेटक (ढाल) आणि पानपात्र, मागे सिंह. हातात कमळ नाही. हे वर्णन देवीमाहात्म्याला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्या’तल्या आदिशक्ती महालक्ष्मीशी जुळते, आणि विष्णूला दिलेली श्री तिथे तिच्यापासूनच प्रकटते. मग नवरात्रात तिरुपतीहून, म्हणजे विष्णुरूप बालाजीकडून, शालू येतो, त्याचे काय, असे कोणी विचारील. तो श्रद्धेचा मान आहे आणि जपण्यासारखाच आहे. पण शालूआड हातात असते ती ढाल आणि गदाच.