जवळ बसणं हे रिकामपण नव्हे



दुपारी ओट्यावर बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघणाऱ्या बायकांना लोक ‘रिकामटेकड्या’ म्हणतात. आज आम्ही तुम्हाला अशाच जवळ बसणाऱ्या माकडिणींबद्दल सांगणार आहोत.

आफ्रिकेतल्या केनिया देशात अंबोसेली इथं बबून जातीच्या माकडांचा १९७१ पासून अभ्यास चालू आहे. जीन ऑल्टमन या बाईंनी त्यात आयुष्य घातलं. पूर्वी अभ्यासक नजरेत भरेल तेच लिहीत, आणि भांडणारे नर लगेच नजरेत भरत. जीनबाईंनी १९७४ मध्ये मांडलं, की प्रत्येकाकडे ठरवून सारखाच वेळ बघा. मग पिल्लू घेऊन गुमान बसलेली आईही वहीत आली.

सोळा वर्षांच्या नोंदींवरून २००३ मध्ये निष्कर्ष छापला गेला. ज्या माद्या इतरांजवळ जास्त बसत, एकमेकींच्या अंगावरचे किडे वेचत, त्यांची पिल्लं जास्त जगली. आईचा कळपातला मान मोठा असो की लहान! पिल्लं जगली की वंश पुढे जातो. मिळून राहण्याचा स्वभाव जेवढा रक्तातून उतरतो, तेवढा तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

आपण माकडं नाही. आपल्या बाळंतिणीला दवाखाना, लस, सकस जेवण लागतंच. पण सोबतही लागते. गटातली नवी बाळंतीण बैठकीला दिसली नाही, तर हप्ता विचारण्याआधी तिच्याजवळ घटकाभर जाऊन बसू या.