दिवा लागतो, परंतु संगणक उघडत नाही

कोकणातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि त्याच सुमारास, सुटीभर कपाटात बंद असलेला शाळेचा लॅपटॉपही बाहेर निघतो. कळ दाबली की दिवा लागतो, आत पंखा फिरल्याचा आवाज येतो. परंतु पडदा काळाच राहतो, किंवा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटून सारे तेथेच थांबते. तळेरे परिसरातील शिक्षकास अशा वेळी बहुधा दोनच वाटा दिसतात. यंत्र निकामी ठरवून ते पुन्हा कपाटात ठेवणे ही एक, आणि महामार्गाने कणकवलीस नेऊन दुरुस्तीवाल्याच्या हवाली करणे ही दुसरी. पहिल्या वाटेने पुष्कळदा चांगले यंत्र वाया जाते. दुसऱ्या वाटेने यंत्र परत येते खरे, परंतु कित्येकदा त्यातील सर्व सामग्री पुसली गेलेली असते. ह्या दोहोंच्या मध्ये शिक्षकास स्वतः करता येण्याजोगे बरेच काही आहे.

कळ दाबल्यापासून नेहमीचे चित्र दिसेपर्यंत यंत्रात काय घडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. शाळेचे दार उघडले म्हणजे शाळा भरली असे होत नाही. हजेरी होते, परिपाठ होतो, मग वर्ग सुरू होतात. संगणकाचेही तसेच आहे. दिवा आणि पंखा म्हणजे केवळ दार उघडणे. त्यानंतर मदरबोर्डवरील एका लहानशा चकतीत कायम साठविलेला ‘बायॉस’ नावाचा कार्यक्रम जागा होतो आणि प्रोसेसर, रॅम, पडदा, कीबोर्ड ह्यांची हजेरी घेतो. सर्व हजर असतील तर तो डिस्ककडे वळतो, तेथे विंडोज अथवा दुसरी कार्यप्रणाली शोधतो आणि यंत्राचा कारभार तिच्यावर सोपवितो. ही शेवटची क्रिया म्हणजे ‘बूट होणे’. तेव्हा बिघाड कोणता हे विचारण्यापूर्वी गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली, हे पाहावे. पडदा पूर्ण काळा असेल तर बहुधा हजेरीतच कोणी गैरहजर आहे. इंग्रजी ओळ उमटली असेल तर हजेरी सुरळीत झाली असून खोळंबा डिस्कपाशी आहे. एवढ्या एका भेदाने अर्धे काम होते.

काळ्या पडद्याचा विचार प्रथम करू. यंत्राला लावलेले पेनड्राइव्ह, प्रिंटरची तार, माउस हे सर्व काढावे. चार्जरही काढावा आणि बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढावी. मग चालू करण्याची कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी. आतील भागांत उरलेला विद्युत्भार ह्यामुळे निघून जातो आणि गोंधळून अडकलेला नियंत्रक पुन्हा प्रारंभापासून कामास लागतो. त्यानंतर बॅटरी न बसविता केवळ चार्जर जोडून यंत्र चालू करावे. हा उपाय जादूटोण्यासारखा वाटतो. तथापि वीज वारंवार ये-जा करणाऱ्या गावी तो पुष्कळदा लागू पडतो. ज्या यंत्राची बॅटरी आतच बसविलेली असते तेथेही चार्जर काढून कळ दाबून धरण्यास हरकत नाही. मात्र सुटीत ती बॅटरी पूर्ण उतरलेली असल्यास तासभर चार्जिंगला लावूनच पुढील परीक्षा करावी.

एवढ्याने न भागल्यास कीबोर्डवरील ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे, दोष पडद्याचा असण्याचा संभव अधिक. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपी विजेरी धरावी. चित्र अंधुक दिसले तर संगणक ठीक असून पडद्यामागील प्रकाश तेवढा गेला आहे. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाल्यावर अनेक गावांनी लोकवर्गणीतून शाळेस दूरदर्शनसंच किंवा प्रोजेक्टर दिले. अशा संचास लॅपटॉप तारेने जोडला की पडदा न बदलताही काम चालू राहते.

कॅप्स लॉकचा दिवा न लागता यंत्र ठरावीक अंतराने ‘बीप’ असा आवाज करीत असेल, तर तो आवाज किती वेळा होतो हे कागदावर लिहून ठेवावे. तीच त्याची तक्रार होय. आवाजांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो, म्हणून एका यंत्राचा कोष्टक दुसऱ्यास लावू नये. असे असले तरी जुन्या यंत्रांत ह्या तक्रारीचे मूळ फार वेळा रॅमच्या पट्टीत सापडते, आणि सिंधुदुर्गात तर त्यास विशेष कारण आहे. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; हवेत ओल असते, किनाऱ्यालगत खारही असतो, आणि वर्गात खडूची भुकटी उडत असते. ह्या सर्वांचा एक सूक्ष्म थर पट्टीच्या सोनेरी दातांवर बसला की वीज पुढे जात नाही.

तो काढण्याचे काम कठीण नाही. चार्जर आणि बॅटरी काढून ठेवावी, प्रथम एखाद्या धातूच्या वस्तूस हात लावावा आणि मगच लॅपटॉपच्या पाठीवरील लहान झाकणाचे स्क्रू सोडवावेत. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरपी वर उचलली जाते. तिच्या सोनेरी कडेवरून मुलांचे पांढरे, कोरडे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे आणि चुरा बाहेरच झटकावा. तो खाचेत पडता कामा नये. पाणी, रॉकेल, तोंडाची फुंकर ह्यांपैकी काहीही वापरू नये. फुंकरीतही ओल असते. पट्टी तिरपी घालून ‘टक्’ आवाज होईपर्यंत खाली दाबावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून यंत्र चालू करावे, म्हणजे दोषी पट्टी ओळखू येते. ज्या यंत्रास असे झाकण नाही, ज्याचा सगळा तळच उघडावा लागतो, ते मात्र अनुभवी माणसाकडे द्यावे हे बरे.

आता इंग्रजी ओळीचा प्रकार. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ अशा शब्दांनी शिक्षक घाबरतात. परंतु त्यांचा अर्थ इतकाच की बायॉसला कार्यप्रणाली सापडली नाही. ती नष्ट झाली, असा अर्थ त्यातून निघत नाही. यंत्र चालू करताच बायॉसचे पान उघडावे. डेल, एसर आणि असूस ह्यांच्या यंत्रांत त्यासाठी बहुधा एफ २, एचपीमध्ये एफ १० आणि लिनोवोमध्ये एफ १ किंवा एफ २ ही कळ वारंवार दाबावी लागते. तेथे पहिल्याने तारीख पाहावी. वर्ष बरेच मागे गेले असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल संपला आहे असे समजावे. बहुधा तो ‘सीआर २०३२’ जातीचा असतो. हा सेल संपला की केवळ घड्याळच चुकत नाही. डिस्क कोणत्या पद्धतीने वाचावी आणि कोठून बूट व्हावे ह्याविषयीची मांडणीही मूळपदावर जाते. एका पद्धतीने बसविलेली विंडोज दुसऱ्या पद्धतीने उघडत नाही. ‘युईएफआय’ आणि ‘लेगसी’ ह्यांपैकी जी पद्धत निवडलेली दिसेल ती लिहून घ्यावी, दुसरी निवडून पाहावी, आणि उपयोग न झाल्यास पहिलीच पुन्हा ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कचे नाव तेथे दिसते की नाही. दिसत नसल्यास ती सैल झाली असेल. काढून पुन्हा बसवावी. परंतु यंत्रातून ‘टक्, टक्’ असा एकसारखा आवाज येत असेल, तर तत्काळ ते बंद करावे. जुन्या डिस्कमध्ये तबकड्या मिनिटास बहुधा ५४०० फेरे घेतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर वाचक-टोक फिरत असते. ते टोक बिघडले असता प्रत्येक वेळी यंत्र चालू करणे म्हणजे तबकडी खरवडण्याचा धोका पत्करणे होय. ‘आणखी एकदा पाहू’ हा मोह येथे फार महाग पडतो.

डिस्कवर नेमके काय आहे, ह्याचाही विचार येथेच व्हावा. यू-डायस आणि सरल ह्यांवर भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. लॅपटॉप बिघडल्याने ती जात नाही, आणि दुसऱ्या संगणकावरून अथवा मोबाइलवरूनही ती पाहता येते. दाखलखारीज नोंदवही कागदावर आहेच. खरी हानी होते ती निराळ्याच गोष्टींची. शिक्षकाने चार वर्षे खपून तयार केलेले पाठ, मुलांच्या तोंडून मालवणीत ध्वनिमुद्रित केलेल्या गोष्टी, गेल्या तुकड्यांची छायाचित्रे, आजीआजोबांकडून टिपून आणलेली गाणी ही सामग्री बहुधा त्या एका डिस्कवरच असते. ‘फॉरमॅट करून नवी विंडोज घालून देतो’ असे जेव्हा दुरुस्तीवाला म्हणतो, तेव्हा हेच सारे पुसले जात असते. यंत्र चालू झाले म्हणून त्यास दुरुस्ती म्हणावयाचे असेल तर म्हणावे. शाळेच्या दृष्टीने तो तोटाच होय.

म्हणून कोणताही पुढील उपाय करण्यापूर्वी प्रत काढावी. डिस्क बायॉसमध्ये दिसत असेल आणि आवाज करीत नसेल, तर हे शाळेतच साधते. शेजारच्या शाळेतील चालू संगणकावरून ८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, उबुंटू अथवा सी-डॅक ह्या सरकारी संस्थेची बॉस, ह्यांपैकी एखादी मोफत कार्यप्रणाली उतरवून घ्यावी. त्या पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते, हे ध्यानात असावे. मग बिघडलेल्या यंत्रास तो लावून बूटची यादी उघडावी. डेल, लिनोवो आणि एसरमध्ये बहुधा एफ १२, एचपीमध्ये एफ ९. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर ‘ट्राय’ हाच पर्याय निवडावा. ‘इन्स्टॉल’ ह्या पर्यायास हात लावू नये. त्याने डिस्क पुसली जाण्याचा संभव असतो. पडद्यावर डिस्कचे चित्र दिसेल, ते उघडून आपली सामग्री दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. डिस्क कुलूपबंद असून ४८ अंकी किल्ली मागितली गेली, तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र प्रथम उघडले होते त्यात ती बहुधा सापडते. ते खाते बदली होऊन गेलेल्या शिक्षकाचे असल्यास त्यांना दूरध्वनी करावा.

प्रत हाती आली की मग विंडोजची ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहावी. दोन-तीनदा अर्धवट सुरू झाल्यावर विंडोज १० स्वतःच तो पर्याय पुढे करते. डिस्कच गेली असेल तर जुन्या फिरत्या डिस्कऐवजी त्याच मापाची एसएसडी बसवावी. तीत फिरणारा भाग नसल्याने म्हातारे यंत्रही चपळ होते. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतीप्रमाणे बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ठेवणे अधिक शहाणपणाचे. केरळातील शाळांत मुक्त कार्यप्रणालीवर वर्षानुवर्षे अध्यापन चालले आहे, तेव्हा ती मुलांस अवघड जाते ही समजूत खरी नाही.

यंत्र बाहेर द्यावेच लागले, तर जडवस्तू संग्रह नोंदवहीतील क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक आणि ‘डिस्क विचारल्यावाचून पुसू नये’ ही सूचना पावतीवर लिहून घ्यावी. डिस्क बदलली असल्यास जुनी डिस्क परत मागावी. तीवर मुलांचे पत्ते, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. यंत्राचे निर्लेखन मंजूर झाल्यावरही डिस्क आधी काढून घ्यावी आणि उरलेले यंत्र भंगारवाल्यास न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच सोपवावे. १ एप्रिल २०२३ पासून त्याविषयीचे नवे नियम लागू झाले आहेत.