माशाला दुखतं का?

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि मासे आवडीने खाते. ‘मॅडम, माशाला दुखतं का हो?’ असं वर्गात कुणी ना कुणी विचारतंच. ‘माशाच्या मेंदूत नीओकॉर्टेक्स नसतो, म्हणून वेदनाही नसते’ हे ठरलेलं उत्तर मला कधीच पटलं नाही. मी मुलांना 2003 सालचं एक संशोधन सांगते.

एडिंबराजवळची रोझलिन इन्स्टिट्यूट म्हणजे डॉली मेंढी जन्मली ती संस्था. तिथे लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांना पूर्ण भूल दिली आणि चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या गाठीत बारीक इलेक्ट्रोड रोवला. आपली दाढ ठणकते तेव्हा निरोप नेते ती हीच नस. मग माशाच्या डोक्यावर आणि ओठांवर जागोजागी दाबून पाहिलं, उष्णता दिली, ॲसेटिक आम्लाचा थेंब सोडला. एकूण 58 संवेदनाग्राहक सापडले. त्यांतले 22 इजा करणारा दाब आणि उष्णता या दोन्हींना जागे होत होते, आणि त्या 22 पैकी 18 आम्लालाही. अशा ग्राहकांना नोसिसेप्टर म्हणतात.

एवढ्यावरून वेदना सिद्ध होत नाही. तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, दुखणं मागाहून कळतं. हात मागे घेणं मज्जारज्जूचं काम, दुखणं मेंदूचं. म्हणून पुढचा भाग जास्त मोलाचा. शुद्धीवरच्या ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष किंवा आम्ल टोचलं, तेव्हा त्यांचे कल्ले भराभर हलू लागले, मासे तळाशी बसून डुलू लागले. आम्ल टोचलेले तर ओठ खड्यांवर घासत राहिले. नुसतं सलाइन टोचलेले मासे साधारण 80 मिनिटांत खायला आले, या माशांना सुमारे तीन तास लागले. मॉर्फीन दिल्यावर ही लक्षणं उतरली. नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेने भूक तीन तास मरत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. संथ, खोल ठणका वाहून नेणारे सी तंतू सस्तन प्राण्यांच्या नसेत निम्म्याच्या आसपास असतात, तर ट्राउटच्या नसेत जेमतेम 4 टक्के. म्हणजे माशाचं दुखणं आपल्यासारखं नसेलही. पण पुढे स्नेडन यांनी झेब्राफिशला टाकीचे दोन कप्पे दिले, एक सजवलेला आणि एक ओका. एरवी मासे सजवलेलाच कप्पा निवडत. आम्ल टोचल्यावर ओक्या कप्प्याच्या पाण्यात वेदनाशामक मिसळलं, तेव्हा ते तिकडे गेले. आवडती जागा सोडून आराम निवडणाऱ्या जिवाला काहीच जाणवत नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. मासा त्यातून वगळलेला नाही.

मासे खाणं सोडा, असं मी सांगत नाही. पण गळाला लागलेला मासा बादलीत तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर दांड्याचा एकच जोरदार फटका द्या. आणि बाजारात जिवंत मासा घेतलात, तर तो आधी मारायला सांगा, खवलं त्यानंतर काढायला.