चालकाविना गाडी अणदूरला कधी?

सोलापूर-हैदराबाद महामार्ग अणदूरवरून जातो. हंगामात या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री अनेकदा मागच्या दिव्याविना चालतात, त्यातच दुचाकी उलट्या बाजूने येते. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये २०२० पासून वेमो कंपनीच्या चालकाविना टॅक्सी सर्वांसाठी धावतात, पण बारकाईने नकाशाबद्ध केलेल्या ठरावीक हद्दीतच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये अशा गाड्यांना ठाम नकार दिला तो चालकांच्या रोजगारासाठी, आणि ती काळजी मला रास्त वाटते. यंत्राला डुलकी लागत नाही, हा या नकारावरचा आक्षेपही खराच. मात्र त्यासाठी चालकाला उतरवायची गरज नाही. धोका दिसताच आपोआप ब्रेक लावणारी, चालक पेंगला की सावध करणारी यंत्रणा आधी ट्रक-बसमध्ये यावी. ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या तर गाळप सुरू होण्याआधीच लागाव्यात.