पूर्णेचं वायपी, सत्त्याऐंशीपट लहान

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही परभणीकर छाती फुगवून सांगत असतो. कशात जर्मनी आणि कशात परभणी, हे मात्र कुणी विचारायचं नसतं. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करण्याच्या छंदात या म्हणीचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. मेर्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रूळ, सांधे आणि गाड्या ठरावीक मापात, एकमेकांना जुळतील अशा मांडल्या. तेव्हापासून आज एक डबा, पुढच्या वर्षी दोन रूळ असं करत घरातली रेल्वे वाढवता येऊ लागली. हॅम्बुर्गमध्ये २००१ साली सुरू झालेलं मिनिआतुर वुंडरलांड पाहायला तर जगभरातून लोक जातात. म्हणीचा दुसरा अर्धा भाग खरा करायला माझ्यासारख्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला हात काळे करून घ्यावे लागले.

मी मूळचा पूर्णेचा. वडील लोको शेडमध्ये फायरमन होते. मी परभणीला येऊन दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि ब्रश रिकामे पडले. आता मी इंजिनं रंगवतो, म्हणजे आधी बनवतो आणि मग रंगवतो.

मराठी माणसाला हा छंद म्हटलं की पुण्याचं कोथरूडमधलं जोशी रेल्वे म्युझियम आठवतं, आणि तेच बरोबर आहे. भाऊ जोशींनी हयातभर जमवलेल्या आणि घडवलेल्या छोट्या रेल्वेचं ते कायमस्वरूपी घर १९९८ मध्ये उघडलं. सिग्नल, फाटकं, सर्कस, पोहण्याचा तलाव असं अख्खं शहर एका खोलीत आहे आणि गाड्या आपापल्या वेळेला सुटतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी पोराबाळांना घेऊन जरूर जावं. तिथून बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता : यात आपलं पूर्णेचं इंजिन कुठे आहे?

ते बाजारातही नाही. आमच्या भागाची रेल्वे म्हणजे मीटरगेज. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही सगळी स्टेशनं त्याच मार्गावरची. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि तो अकोला-खांडव्यापर्यंत पोचला. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने जायची. मनमाडकडचा रूळ नव्वदच्या दशकात रुंद झाला, पूर्णा-अकोला २००८ मध्ये. त्याबरोबर एक मीटर रुंदीच्या रुळावरची इंजिनं भंगारात गेली. प्रवाशांची सोय झाली, यात वाद नाही. परदेशी कंपन्यांनी मात्र या इंजिनांची प्रतिकृती काढण्याच्या फंदात कधी पडायचं नाही असंच ठरवलेलं दिसतं.

इथे मापाचं गणित सांगितलं पाहिजे, कारण सगळा छंद त्यावर उभा आहे. जगात सर्वांत जास्त चालतं ते एचओ माप, म्हणजे खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. युरोप-अमेरिकेतला रूळ १४३५ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं की साडेसोळा मिलिमीटर येतात. तोच एचओचा रूळ. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. ते या मापात १९ मिलिमीटरच्याही पुढे जातं. म्हणून राजधानी किंवा देवगिरी एक्सप्रेस करणारे लोक बहुतेक वेळा डबा आपल्या मापाचा आणि रूळ परक्या मापाचा अशी तडजोड करतात. प्रतिकृतीत पावणेतीन मिलिमीटर म्हणजे खऱ्या रुळावर जवळजवळ वीतभर फरक. समोरून पाहिलं की इंजिन पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं आणि जाणकाराच्या डोळ्यांत ते खुपतं.

मीटरगेजवाल्याचं नशीब इथे जोरात आहे. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, आणि १२ मिलिमीटरचा रूळ बाजारात मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या बऱ्याच गाड्या मीटरगेज आहेत, त्यामुळे तिथल्या हौशी लोकांसाठी तो बनतो. शिवाय टीटी नावाचं एक वेगळं माप आहे, १२० पट लहान. त्यात युरोपातला साधा रूळ बरोबर १२ मिलिमीटरचा होतो. म्हणजे टीटीच्या इंजिनाचा सांगाडा, मोटर, गिअर आणि चाकं काढून त्यावर एचओ मापाचं मीटरगेज इंजिन चढवता येतं. गड्याचा पाय आणि पैलवानाचं धड, पण रूळ एकच!

आमचं पूर्णेचं पॅसेंजर इंजिन म्हणजे वायपी. 'वाय' म्हणजे मीटरगेज, 'पी' म्हणजे पॅसेंजर. मालगाडीचं ते वायजी. वायपीला पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन, अशी ४-६-२ मांडणी. रेल्वेच्या भाषेत पॅसिफिक. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यात यांतली बरीच इंजिनं घडली. मोठं चाक साडेचार फुटांचं, म्हणजे एचओत पावणेसोळा मिलिमीटर. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने २०२२ मध्ये टीटी मापातली मालिका सुरू केली आणि तिच्यात पॅसिफिक इंजिनं आहेत. त्यांतल्या काहींचं खरं चाक सहा फूट आठ इंचांचं, १२० ने भागलं की १७ मिलिमीटरला जरा कमी. एका मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. चाकावर फूटप्लेटची पट्टी थोडी खाली आणली की तो झाकला जातो. कट्टर मापवाले नाक मुरडतील. मुरडू द्या.

हा सांगाडा एवढीच एक महाग आणि बाहेरून मागवायची वस्तू. बाकी सगळं परभणीत मिळतं. बॉयलरला वायरिंगचा पीव्हीसी पाइप घासून मापात आणायचा. ड्रायव्हरच्या कॅबला आणि मागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरला अ‍ॅक्रिलिकचे तुकडे आणि पातळ प्लॅस्टिक शीट. बोर्ड करणाऱ्यांच्या दुकानात कापून उरलेल्या पट्ट्या फुकट मिळतात. रिबेटच्या रांगांसाठी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा. तो रबरावर पालथा ठेवून बोथट कंपासने मागून टोचला की पुढे नेमकी टिंबं उठतात. बॉयलरच्या बाजूच्या धरायच्या दांड्यांना मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची २८ नंबरची तांब्याची तार. ती ०.३७६ मिलिमीटर जाडीची, ८७ ने गुणलं की साधारण ३३ मिलिमीटर. माणसाच्या मुठीत बसेल अशा दांडीचं माप आपसूक निघतं. हे गणित जुळलं तेव्हा मला कुठल्याही लॉटरीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

युरोपच्या इंजिनाला पुढे डावी-उजवीकडे दोन बफर असतात. मीटरगेजला मधोमध एकच बफर आणि त्यातच जोडणी. म्हणून दोन्ही बफर कापून टाकायचे, भोकं लांबीने बुजवायची आणि मध्ये नवा बफर बसवायचा. इंजिन मीटरगेजचं वाटायला लागतं ते या एका बदलाने. इंजिनाचं रूप बदलायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी इथूनच करायला सांगतो.

आता रंग. इथे मी जरा बोलणार, कारण हा माझा धंदा आहे.

वाफेचं इंजिन काळं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि म्हणूनच सगळे डब्यातला काळा थेट मारून मोकळे होतात. इंजिन मेल्यासारखं दिसतं. खरं इंजिन आपण दहा-वीस फुटांवरून, उन्हात पाहतो. मध्ये हवा असते, धूळ असते. तळहाताएवढ्या वस्तूवर तो काळा उजळवावा लागतो. मी काळ्यात थोडा पांढरा आणि जळकट तपकिरी मिसळतो. धुराड्याच्या पेटीला उष्णतेने रंग उडालेला असतो, म्हणून तिथे राखाडी जास्त. कॅबच्या पायऱ्या आणि दांड्या माणसांच्या हातापायांनी घासल्या जातात. तिथे पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं की लोखंडाची चकाकी येते.

क्रम असा. भांड्यांच्या साबणाने धुऊन बोटांचं तेल काढायचं. राखाडी अस्तर. पॉलिश पेपरने हलका हात. मग एअरब्रशने अ‍ॅक्रिलिक, दुधाइतका पातळ, तीन-चार झिरझिरीत हात. कॉम्प्रेसर जुन्या फ्रिजचा चालतो, आवाजही करत नाही. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४२ च्या वर असतो. तेव्हा रंग नळीतून निघून इंजिनापर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे. पावसाळ्यात उलट, दमट हवेत वार्निशवर पांढुरकी साय धरते; तेव्हा सरळ सुताराचं काम काढावं.

अ‍ॅक्रिलिकवर मॅट वार्निशचा हात दिला की वर एनॅमल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फिरवता येतो. टर्पेंटाइन खालच्या थराला धक्का लावत नाही, त्यामुळे आवडलं नाही तर कापसाने पुसून टाकायची सोय. ही मळी रिबेटच्या कडांना, पत्र्याच्या खाचांना जाऊन बसते आणि इंजिन एकदम वजनदार दिसू लागतं. बॉयलरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ व्हॉल्व्हखाली काढायचे. खालच्या चाकांना धूळ मात्र मी विकतची लावत नाही. पिंगळीच्या शेतातली काळी माती मलमलीतून चाळून घेतो आणि कोरड्या ब्रशने बसवतो. आमचं इंजिन आमच्याच धुळीने मळलं पाहिजे.

शेवटी अक्षरं. साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, त्यामुळे पारदर्शक स्टिकर छापून पांढरा नंबर लावायचा मार्गच बंद. हाताने लिहायचा. खऱ्या इंजिनावरचा वीतभर आकडा इथे जेमतेम अडीच मिलिमीटर. लोक अगदी बारीक, तीन शून्यांचा ब्रश आणतात. त्यात रंग मावत नाही, टोकावरच वाळतो. १ नंबरचा, पण टोक शाबूत असलेला ब्रश घ्यावा. आकडा मुद्दाम थोडा जाड लिहावा आणि वाळल्यावर बाहेरून काळ्याने कापत आणावा. बोर्डावरचं सुबक अक्षर आम्ही असंच काढायचो.

काय लिहायचं, हे साल ठरवल्याशिवाय कळत नाही. निजामाची रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि आमचा भाग तिच्यात आला. म्हणजे पासष्ट सालच्या टेंडरवर 'म' आणि सत्तरच्या टेंडरवर 'द म'. त्यावर ड्रायव्हर-फायरमनची हौस वेगळी. ठरलेलं इंजिन ठरलेल्या ड्रायव्हरकडे असायचं, तेव्हा पितळी पट्ट्या घासून चकचकीत ठेवायचे, धुराड्याच्या पेटीवर चांदणी बसवायचे. त्या हौसेची नोंद कुठल्या सरकारी नकाशात नसते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने महागडं इंजिन विकत घेऊन त्यावर करवत चालवू नये. आधी पुठ्ठ्याचा मालडबा करावा, तो रंगवावा, मळवावा. हात बसला की इंजिन. आमच्याकडे म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी.

आता माझं एक मागणं. इंजिनाचे नकाशे कुठे ना कुठे मिळतात; पूर्णेच्या शेडमधली इंजिनं प्रत्यक्षात कशी रंगवलेली, सजवलेली होती ते फक्त तुमच्या घरातल्या फोटोंत आहे. पूर्णा, परभणी, हिंगोलीच्या रेल्वेवाल्यांच्या घरी निवृत्तीचे, बदलीचे, सहकाऱ्यांसोबतचे फोटो असतील आणि मागे इंजिन उभं असेल. फोटोत माणूस असेल तर फारच चांगलं, त्याच्या उंचीवरून माप काढता येतं. ते फोटो अल्बममधून ओढून काढू नका, चिकटलेला कागद फाटतो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता मोबाइलवर टिपून घ्या आणि स्टेशन, साल, इंजिनाचा नंबर व फोटोतल्या माणसांची नावं लिहून ठेवा. नावं सांगणारी माणसं अजून आहेत, तोवरच हे काम उरका.