लग्नमंडपात प्रथमच कॅमेरा घेऊन उभे राहताना

घरात लग्न ठरले, की छायाचित्रणाची आवड असलेल्या एखाद्या तरुणाकडे साऱ्यांच्या नजरा वळतात. ‘घरचाच मुलगा आहे, तोच फोटो काढील,’ असे वडीलधारे म्हणतात आणि त्यालाही नाही म्हणवत नाही. परंतु सहलीतील सूर्यास्त चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टिपता येतो. अंतरपाट मात्र एकदाच दूर होतो.

शेवटचे मंगलाष्टक संपते, वाजंत्री सुरू होते, अक्षता उधळल्या जातात आणि वधूवर एकमेकांस हार घालतात. हे सारे काही क्षणांत आटोपते. त्या वेळी छायाचित्रकार गर्दीत मागे असेल, तर त्याच्या हाती पाहुण्यांच्या पाठी आणि उंचावलेले मोबाइल एवढेच लागते. म्हणून आदल्या दिवशी, शक्यतो मुहूर्ताच्याच वेळी, कार्यालयात जाऊन यावे. उजेड कोणत्या खिडकीतून येतो, बोहल्याच्या बाजूला उभे राहण्यास जागा आहे का, हे पाहावे. गुरुजींशीही दोन शब्द बोलून ठेवावे. पांढऱ्या छतावर आपटून परतलेला फ्लॅशचा प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडतो. छताला केशरी कापड लावलेले असेल, तर मात्र चेहरेही केशरी होतात. एलईडी दिव्यांची खोड निराळीच. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे यांतील अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण शटर फार वेगवान ठेवले, तर छायाचित्रात पट्टे उमटतात. तेथे १/१०० सेकंद बरा, मात्र त्यात हलता हात किंचित पुसट येतो. यातील कोणता दोष पत्करायचा, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे.

बॅटऱ्या दोन, कार्डे दोन आणि जमल्यास भाड्याने आणलेला दुसरा कॅमेरा. दुकानाची दुसरी किल्ली घरी जपून ठेवणाऱ्या कुटुंबांना याचे कारण सांगावे लागू नये. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियम आहे, तेथे सायंकाळचा सुंदर उजेड आणि पंगत एकाच वेळी येतात; अशा वेळी पाहुण्यांना ताटावरून उठवू नये, वधूवरांची निवांत छायाचित्रे सकाळीच घ्यावीत.

नातलगांच्या छायाचित्रांची यादी आधी करावी आणि सर्वांना ओळखणारी एखादी आत्या किंवा मावशी मदतीला घ्यावी. यादीत पहिले नाव आजी-आजोबांचे. ती मंडळी लवकर थकतात, कोपऱ्यातील खुर्चीत बसून राहतात आणि कोणाला हाकही मारीत नाहीत. पुढे कित्येक घरांत भिंतीवर जी हार घातलेली तसबीर दिसते, ती अशाच एखाद्या लग्नातील छायाचित्रातून कापून मोठी केलेली असते.

एवढी तयारी होत नसेल, तर नम्रपणे नकार देण्यात कमीपणा नाही. त्याआधी एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराचा मदतनीस म्हणून दोन लग्ने पाहिली, तर अधिक चांगले. होकार दिलाच, तर छायाचित्रे किती दिवसांत देणार, हे स्पष्ट बोलावे. नात्यात मोबदल्याचा संकोच असतो, पण वायद्याचा नसावा. आणि पाठवणीनंतर कितीही थकवा आला, तरी त्याच रात्री सर्व छायाचित्रे दोन ठिकाणी उतरवून, ती उघडून पाहिल्यावाचून कार्ड पुसू नये.